छोट्या रिलोकेटेबल बायनरी बनवताना या चुका टाळा

मेमरीत कुठेही ठेवली तरी चालेल अशी छोटी बायनरी जीसीसी या सी कंपायलरने बनवायची म्हटली की बहुतेक जण एकच मंत्र पाठ करून येतात: कंपाइल करताना एफ-पिक (-fPIC, म्हणजे जागेवर अवलंबून नसलेला कोड बनव असं सांगणारा पर्याय) द्या, ऑब्जकॉपी या टूलने कच्ची बायनरी, म्हणजे नुसते बाइट, काढा, झालं. मग ती चालत नाही आणि ठरलेला प्रश्न येतो, "एफ-पिक दिलंय की, तरी का अडकतंय?"

दिलंय, मान्य. पण एफ-पिक कोडची सोय करतं, डेटाची नाही. कोड आपले पत्ते प्रोग्राम काउंटरपासूनच्या अंतराने काढतो, म्हणून हलवला तरी बिघडत नाही. तुम्ही स्ट्रिंगच्या पॉइंटरांचा स्टॅटिक अ‍ॅरे केलात किंवा फंक्शन पॉइंटरांचं टेबल मांडलंत, की त्यात अख्खे पत्ते बसतात. ईएलएफ फाइलमध्ये (लिंकर बनवतो त्या नेहमीच्या फाइलमध्ये) ते दुरुस्त करायच्या नोंदी, म्हणजे रिलोकेशन, ठेवता येतात आणि प्रोग्राम मेमरीत चढवणारा लोडर त्या वाचतो. कच्च्या बायनरीत नोंदीही नाहीत आणि त्या वाचणारं कुणीही नाही.

आमच्याकडे एका नव्या सहकाऱ्याने आर्म बोर्डासाठी छोटं मॉड्यूल लिहिलं होतं. एम्युलेटरवर झकास चालायचं. बोर्डावर मेनूचं शीर्षक नीट उमटायचं, पण खालची नावं म्हणजे नुसता कचरा. गड्याने बॉड रेट बदलला, केबल बदलली, ऑप्टिमायझेशन बंद केलं. हेक्स डंप (फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणारी यादी) मात्र उघडला नाही, कारण त्यात वेळ जातो म्हणे! उघडल्यावर मेनूच्या टेबलातली पहिली नोंद दिसली: ४० ०१ ०० ००. म्हणजे पत्ता हेक्स १४०, शून्यापासून मोजलेला. एम्युलेटर मॉड्यूल शून्यावरच ठेवत होता, म्हणून तिथे तो बरोबर यायचा. बोर्डावर त्या जागी बूट कोड होता आणि त्याचेच बाइट अक्षरं समजून छापले जात होते. शीर्षक बचावलं, कारण त्याचा पत्ता कोड स्वतः काढत होता.

अशा ठिकाणी मी पॉइंटर ठेवतच नाही. ठरावीक रुंदीचा दुहेरी कॅरेक्टर अ‍ॅरे घेतो. थोडे बाइट वाया जातात, जाऊ देत. फंक्शनांसाठी सरळ स्विच. आणि तपासणी ऑब्जेक्ट फाइलवर, म्हणजे लिंक होण्याआधीच्या फाइलवर, करा. लिंक झालेल्या फाइलवर रीडएल्फ (ईएलएफ फाइलच्या आतलं दाखवणारं टूल) चालवून "एकही रिलोकेशन नाही" म्हणत खूश होणारे खूप भेटतात. साध्या स्टॅटिक लिंकिंगमध्ये लिंकर त्या नोंदी सोडवून मोकळा होतो, त्यामुळे तिथे काही दिसणारच नाही. ऑब्जेक्ट फाइलमध्ये डेटा-डॉट-रेल अशा नावाचा सेक्शन दिसला, की आधी तो निस्तरा.

दुसरं दुखणं बीएसएस या सेक्शनचं. सुरुवातीची किंमत न दिलेले ग्लोबल व्हेरिएबल त्यात जातात आणि कच्च्या बायनरीत येतच नाहीत. लोडर फाइलच्या लांबीएवढीच जागा राखतो आणि तुमचे व्हेरिएबल शेजारच्या मॉड्यूलवर जाऊन बसतात. जागा राखणं आणि ती शून्य करणं, दोन्ही तुमच्याच गळ्यात. त्यासाठी साधा लूप लिहिलात तर जीसीसी त्याचा मेमसेटचा कॉल करू शकतो. फ्रीस्टँडिंग (नेहमीची सी लायब्ररी नाही असं सांगणारा पर्याय) दिलं तरी मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकम्प ही चार फंक्शनं त्याला हवीच असतात. ती तुम्ही पुरवा. मेमसेट सीमध्ये लिहिताना तो स्वतःलाच कॉल करत नाही ना, हे डिसअसेंब्लीत बघा. मी तेवढं एक असेंब्लीत लिहून टाकतो.

पहिल्या बाइटवर तुमचं सुरुवातीचं फंक्शन असेलच असं धरून चालू नका. ऑप्टिमायझेशन लावलं की मेन वेगळ्या सेक्शनमध्ये जातं, आणि बिल्ड-आयडीची नोट (लिंकरने घातलेली बिल्डची ओळखखूण) कधी कधी सगळ्यांच्या आधी येऊन बसते. सुरुवातीच्या फंक्शनला स्वतंत्र सेक्शन द्या, लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणता सेक्शन कुठे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) तो सर्वांत वर ठेवा, नोट टाकून द्या.

चार ओळींच्या प्रोग्रामची फाइल ३८४ एमबीची झाली? कोड हेक्स ०८०००००० ला आणि डेटा २००००००० ला ठेवलाय. मधली सगळी पोकळी ऑब्जकॉपीने भरली. डेटाचा लोड पत्ता कोडच्या मागोमाग द्या. कंपायलरमध्ये बग नाही.

स्टॅक प्रोटेक्टर, म्हणजे स्टॅक बिघडला का हे तपासणारा जीसीसीने घातलेला जादा कोड, बंद करा; त्याला लागणारी फंक्शनं इथे नसतात. बऱ्याच लिनक्स वितरणांमध्ये तो आपोआप चालू असतो.

आणि जागा वाचवायला ऑब्जेक्ट फाइलच स्ट्रिप करणाऱ्यांनो (म्हणजे तिच्यातली नावं-माहिती काढून टाकणाऱ्यांनो), त्यात फंक्शनांची नावं जातात, मग लिंकरला ती सापडणार कशी? डीबगची माहिती तेवढी काढा. कच्च्या बायनरीत नावं तशीही येत नाहीत.