सोलापूरहून फिजी: दहा दिवसांत चार रात्री बेटावर

फिजीला जायचं ठरलं की आधी कॅलेंडर काढा, हॉटेलं नंतर. गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात तर शुक्रवारी सकाळी मुंबई. रात्रीच्या विमानाने सिंगापूर साधारण साडेपाच तास, तिथून पुढे फिजीतलं विमानतळाचं शहर नांदी, दहा तास. फिजीचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे, म्हणून नांदीला उतरेपर्यंत रविवार उजाडलेला असतो. ती रात्र नांदीतच काढायची, सोमवारी सकाळी बोट. शुक्रवारी परत नांदी, शनिवारी विमान, सोमवारी सकाळी सोलापूर. म्हणजे बेटावर मिळतात त्या चारच रात्री. त्यात दोन-तीन बेटं कोंबू नका. प्रत्येक बदलाला खोली सोडणं, बोटीची वाट पाहणं आणि सामान चढवणं-उतरवणं यात अर्धा दिवस जातो.

सिंगापूरहून नांदीचं विमान रोज नसतं. त्यामुळे आधी त्याचे वार पाहा, मग रजेचा अर्ज द्या. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर काढा. तिकिटं वेगवेगळी असली आणि बॅगा थेट पुढे जात नसल्या, तर त्या घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा हवा. सिडनी किंवा ऑकलंडमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. खुद्द फिजीचा व्हिसा मात्र आधी काढावा लागत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा.

मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, त्यामुळे आपली शाळांची मे महिन्याची सुट्टी नेमकी जुळते. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस आणि चक्रीवादळं. 2016 च्या फेब्रुवारीत विन्स्टन वादळाने तिथे हाहाकार माजवला होता.

नांदीजवळच्या देनाराउ बंदरातून बोटी सुटतात. मामानुथा बेटं जवळ आहेत आणि तिकडे दिवसात अनेक फेऱ्या असतात. यासावा बेटं लांब. तिकडची मोठी बोट सकाळी एकदाच, साडेआठच्या सुमारास. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, त्यातही मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर, मामानुथाच निवडावं. परतीच्या विमानाआधीची रात्र काही झालं तरी नांदीत काढा. समुद्र खवळला की बोट रद्द होते, आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

शेंगा चटणी न्यायची तर दुकानातलं सीलबंद, लेबल असलेलं पाकीट घ्या आणि वरून झिपची पिशवी लावा, नाहीतर तेल कपड्यांना लागतं. घरी कुटलेली, बिनलेबलची पुडी नको. विमानातल्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असंच लिहा. लिहिलं तर फार तर काढून घेतील, लपवलं तर दंड होतो. मध, फळं, बिया घरीच ठेवा. बुटांच्या तळव्यातली माती ब्रशने घासून काढा, तीही तपासली जाते.

छोट्या बेटांवर रिसॉर्टबाहेर खाण्याची सोय बहुधा नसते, म्हणून 'मील प्लॅन' आधी विचारा आणि शाकाहारी असाल तर ईमेलवर लेखी कळवा. नांदी शहरात काळजी नाही. 1879 पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर इथे आले, त्यांच्या वंशजांच्या दुकानांत डाळ-भात आणि भाजी गुंडाळलेली रोटी मिळते, हिंदीही चालते. रविवारी मात्र बरीच दुकानं बंद आणि बस तुरळक. फिजी डॉलर सोलापुरात शोधत बसू नका. अमेरिकन डॉलर न्या, नांदी विमानतळावर बदला, आणि बेटावर एटीएम नसेल हे धरूनच रोकड ठेवा. प्लग ऑस्ट्रेलियासारखा, तिरक्या चपट्या पिनांचा.

सोलापुरी टर्किश टॉवेल कितीही लाडका असला तरी खाऱ्या, दमट हवेत तो वाळत नाही. दोन पातळ पंचे न्या. स्नॉर्कलचा (तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्याखाली पाहण्याचा) मास्क भाड्याने घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर मापाचा. मिशी असेल तर वरच्या ओठापाशी पाणी शिरतं, तिथे थोडं व्हॅसलीन लावा. विहिरीत पोहणाऱ्यानेही इथे लाइफ जॅकेट घालावं. ओहोटीला प्रवाळाच्या खिंडीतून पाणी जोरात बाहेर खेचलं जातं. भरती-ओहोटीची वेळ रिसेप्शनवर विचारा आणि भरतीच्या आसपासच उतरा. ओहोटीत पाणी उथळ होऊन पोट प्रवाळावर घासतं, आणि त्या जखमा लवकर भरत नाहीत. पायात रबरी बूट हवेतच.

तिथल्या एखाद्या गावात जाणार असाल तर नांदीच्या बाजारातून यांगोनाच्या (म्हणजे कावाच्या, ज्याच्या मुळांचं पेय करतात) मुळांची अर्धा किलोची जुडी घ्या. ती गावच्या प्रमुखापुढे ठेवूनच आत जाण्याची परवानगी मागतात. टोपी काढा, खांदे आणि गुडघे झाका. या पेयाची करवंटी पुढे आली की एक टाळी, "बुला" म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. चव मातकट असते, जीभ थोडी बधिर होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.