मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी नीट दिसत नाही? या चुका टाळा

निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या गावांत ही तक्रार नेहमीची: "कॅम्पात ऑपरेशन केलं, लेन्सबी बसवली, पण म्हणावं तसं दिसत नाही." बोल लागतो तो डॉक्टरला नाहीतर लेन्सला. कित्येकदा लेन्स जागच्या जागी असते. राहून गेलेला असतो तो चष्मा.

लहान छेदाच्या ऑपरेशनात डोळ्याच्या पांढऱ्या भागात ६-७ मिलिमीटरचा तिरका बोगदा करून मोतीबिंदू अख्खा बाहेर काढतात. टाका सहसा लागत नाही. मात्र जखम भरताना डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा गोलावा बदलतो आणि सिलिंडरचा नंबर येतो, म्हणजे एका दिशेला वेगळा आणि दुसऱ्या दिशेला वेगळा नंबर. हा नंबर स्थिरावायला साधारण ६ आठवडे लागतात. त्यानंतर चष्म्याचा नंबर काढायची तपासणी असते आणि नेमकी तीच चुकवली जाते: ऊसतोड चालू असते, आजीला घेऊन जायला घरात कुणी नसतं. मग आठवडी बाजारातला तयार चष्मा येतो. त्यात दोन्ही काचा एकाच नंबरच्या, सिलिंडर नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निकषानुसार ऑपरेशननंतर १०० पैकी किमान ८० डोळ्यांना ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसायला हवं. योग्य चष्म्याने पाहिलं तर किमान ९० डोळ्यांना. मधल्या त्या १० डोळ्यांसाठी हा हेलपाटा घालायचा आहे. शिवाय नेहमीची लेन्स लांबचं दाखवते, वाचायला चष्मा लागतोच. त्याला ऑपरेशन फसलं असं म्हणू नका.

"पिकू दे, मग काढू" हे मात्र आता सोडाच. जास्त पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढताना धोका वाढतो, कधी डोळ्याचा दाब चढून नजर कायमची जाते.

लेन्सचा नंबर ठरवायला डोळ्याची लांबी मोजतात. त्यात १ मिलिमीटरची चूक झाली तरी अडीच-तीन नंबरचा फरक पडतो, म्हणून मोजणीवेळी घाई करू नका, मान हलवू नका. साखर असेल, काचबिंदू असेल तर आधीच सांगा. मागचा पडदा खराब असला तर उत्तम ऑपरेशननंतरही नजर तेवढीच येते, आणि हे आधी कळलेलं बरं.

आपल्याकडे ऑपरेशन मिरजेला आणि पुढची तपासणी बेळगावला असंही होतं. लेन्सच्या नंबराचं स्टिकर लावलेलं कार्ड जपून ठेवा. थेंबांचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर कुठला थेंब कितीदा, किती आठवडे, हे तिथंच मराठीत लिहून घ्या. बरं वाटलं म्हणून थेंब मध्येच बंद करू नका.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागलं तर बहुधा लेन्समागची पातळ पिशवी गढूळ झालेली असते. याग लेझरने ती काही मिनिटांत मोकळी होते, चिरफाड नाही.

पण पहिल्या काही दिवसांत डोळा ठणकू लागला, लाल झाला, आलेली नजर कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो. मिळेल त्या गाडीने त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठा.