जुन्या सागवानी साइडबोर्डची पारख आणि निगा

१९५० आणि १९६० च्या दशकांत डेन्मार्कमध्ये जी बुटकी, लांबट, निमुळत्या पायांची साइडबोर्ड कपाटे घडली, त्यांचा साग मुख्यतः थायलंड आणि ब्रह्मदेशातून येत असे. त्या धर्तीचे जुने कपाट घेताना "सागवान आहे, म्हणजे वाळवीची चिंता नाही" असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते, आणि नेमकी हीच समजूत महागात पडते. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही हे खरे. परंतु अशा अनेक कपाटांत पाय, कडा आणि मुठी एवढेच भरीव सागाचे असते, तर फळ्या ब्लॉकबोर्डच्या (हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेल्या) किंवा चिपबोर्डच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या) असून त्यांवर मिलिमीटरपेक्षाही पातळ विनिअर, म्हणजे सागाचा पापुद्रा, चिकटवलेले असते.

म्हणून खण पूर्ण बाहेर काढून फळीची मागची कड बॅटरीच्या उजेडात पाहावी. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेघांची टोके कडेच्या छेदात उतरलेली दिसली तर फळी भरीव समजावी. वेगळी पट्टी किंवा आतले पांढरट लाकूड दिसले तर ते विनिअर होय. तळाशी मातीच्या रेघा असतील तर वाळवी आहे, आणि पिठासारखा भुगा असेल तर लाकूड पोखरणारा किडा आहे.

आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील घरचे असे कपाट पॉलिशला दिले असता कारागिराने त्यावर घासायचे मशीन फिरवले आणि उजव्या कोपऱ्यावर तळहाताएवढा पांढरा गाभा उघडा पडला. विनिअर एकदा घासून गेले की परत येत नाही. त्यामुळे २४० नंबरचा पॉलिश पेपर हातानेच, रेघांच्या दिशेने, हलका फिरवावा आणि कडांना तो लावूच नये.

त्याआधी आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून पाहावा. जागा चिकट झाली तर जुने पॉलिश लाखेचे आहे आणि ते स्पिरिटने पुसून काढल्याशिवाय तेल मुरणार नाही. त्यानंतर रंगाच्या दुकानात मिळणारे बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, समभाग टर्पेंटाइनमध्ये मिसळून सुती फडक्याने पातळ लावावे, वीस मिनिटांनी उरलेले तेल कोरडे पुसून घ्यावे आणि एकेक दिवसाच्या अंतराने असे दोन-तीन हात द्यावेत. तेलाची फडकी बोळा करून कधीही ठेवू नयेत, कारण ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा उघड्यावर पसरून वाळवावीत.

हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे. जुलैत खण अडकू लागले तरी सुताराला रंधा मारू देऊ नये. सरकत्या कडांवर मेणबत्ती घासून तेवढ्यावर भागवावे, कारण दिवाळीनंतर लाकूड आटले की तोच खण ढिला होऊन खडखडू लागतो.