जुन्या एक्सेल डॅशबोर्डातला चार्ट नेमका कोणता, हे कसं ओळखायचं

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या व्हेंडर कंपन्यांत प्लॅनिंगचा किंवा क्वालिटीचा माणूस बदलला की नव्या माणसाच्या गळ्यात एक एक्सेल फाइल पडते. नाव साधारण ‘एमआयएस फायनल नवीन २’ असं काहीतरी. दर महिन्याच्या रिव्ह्यूचे ग्राफ तिच्यातूनच निघतात. नवा महिना भरला की त्यातला एखादा वेडावाकडा होतो, आणि तो मुळात कोणत्या जातीचा चार्ट आहे हेच कळत नाही. इथे नजरेवर विसंबू नका. स्पीडोमीटर दिसतो तो डोनट असतो, वॉटरफॉल (पायऱ्यांसारखी चढ-उतार दाखवणारा) दिसतो तो बहुतेकदा स्टॅक्ड कॉलम, म्हणजे एकावर एक रचलेले उभे बार, असतो. एक्सेलच्या यादीत स्पीडोमीटर नावाचा चार्ट नाहीच.

आधी फाइलची कॉपी करा आणि सगळी खटपट कॉपीवरच करा.

चार्टवर एकदा क्लिक करा आणि वर रिबनमध्ये कोणता टॅब उगवतो ते पाहा. ‘चार्ट डिझाइन’ आला तर तो खरा चार्ट. सोबत ‘पिव्हटचार्ट ॲनलाइझ’ही आला तर तो पिव्हट टेबलावर, म्हणजे डेटाचा सारांश काढणाऱ्या टेबलावर, चालतो. ‘पिक्चर फॉरमॅट’ आला तर ते चित्र आहे. मग फॉर्म्युला बार पाहा: तिथे एखाद्या शीटचा पत्ता असेल तर ते लिंक केलेलं चित्र, मूळ चार्ट त्या पत्त्यावर सापडेल. काहीच नसेल तर कोणीतरी स्क्रीनशॉट चिकटवलाय, तो कधीच अपडेट होणार नाही. ‘स्पार्कलाइन’ टॅब आला तर सेलमधला छोटा ग्राफ. क्लिक केल्यावर नुसता सेलच निवडला जात असेल, तर कंडिशनल फॉरमॅटिंगचे डेटा बार किंवा ‘रेप्ट’ फंक्शनने उभ्या रेघा छापून केलेला बार असतो. एकावर एक ठेवलेल्या वस्तू ऑल्ट+एफ१० दाबून सिलेक्शन पेनमध्ये सुट्या बघता येतात.

खरा चार्ट असेल तर त्याच्या रिकाम्या कडेवर राइट क्लिक करून ‘चेंज चार्ट टाइप’ उघडा. सध्याचा प्रकार तिथे निवडलेलाच असतो. नाव वाचा आणि ‘कॅन्सल’ करा, ओके नको. कडेवरच क्लिक करायचं, कारण एखाद्या बारवर राइट क्लिक केलं तर ‘चेंज सिरीज चार्ट टाइप’ येतं आणि साधा चार्टही ‘कॉम्बो’ (एकाच चार्टमध्ये दोन प्रकार) पानावर उघडतो. खरा कॉम्बो असेल तर प्रत्येक सिरीजपुढे (आकड्यांच्या एका मालिकेपुढे) वेगळा प्रकार दिसतो, आणि सेकंडरी ॲक्सिसची खूण कोणाला आहे तेही. रिजेक्शन संख्या बारमध्ये आणि पीपीएम (दर दहा लाखांत किती खराब) रेषेत असा चार्ट बहुधा हाच.

रेषेचा चार्ट लाइन की स्कॅटर, हे डोळ्यांनी ठरत नाही. आडव्या अक्षावर डबल क्लिक करा. बाजूला उघडणाऱ्या पेनमध्ये टेक्स्ट की डेट असा ‘ॲक्सिस टाइप’ विचारला असेल तर लाइन. तो पर्यायच नसेल तर स्कॅटर.

खरी गंमत वेषांतर केलेल्या चार्टांत आहे. ‘फॉरमॅट’ टॅबवर अगदी डावीकडे एक ड्रॉपडाउन असतो, त्यात चार्टचे सगळे भाग येतात, न दिसणारेसुद्धा. एकेक सिरीज निवडत जा. निवडीच्या खुणा दिसल्या पण रंग नाही, म्हणजे ‘नो फिल’ केलेली सिरीज सापडली.

वॉटरफॉलमध्ये ती सिरीज पायाचं काम करते. समजा सुरुवातीचा स्टॉक १२००, आवक ४५०, डिस्पॅच ७००, स्क्रॅप ३०, शेवट ९२०. मग अदृश्य पाया ०, १२००, ९५०, ९२०, ० असा असतो आणि दिसणारे बार त्यावर बसतात. कोणी नवी ओळ घातली आणि पायाच्या कॉलमातला फॉर्म्युला खाली ओढला नाही, की तो बार जमिनीवर आपटतो. बेरीज शून्याखाली गेली तरी ही रचना मोडते.

स्पीडोमीटरमध्ये, म्हणजे गेजमध्ये, डोनटला चार तुकडे असतात, उदाहरणार्थ ४०, ३०, ३० आणि १००. शेवटचा १०० अदृश्य, आणि ‘अँगल ऑफ फर्स्ट स्लाइस’ २७० अंश, म्हणून वरचं अर्धवर्तुळच दिसतं. काटा म्हणजे त्यावरचा पाय चार्ट: ६५ दाखवायचे तर ६४, २, १३४, एकूण २००. टार्गेटच्या ११० टक्के काम झालं की काटा उजवीकडून खाली घुसतो. काम चांगलं आणि ग्राफ बिघडलेला, हा प्रश्न रिव्ह्यूत हमखास येतो. सूत्रात १०० ची मर्यादा घाला.

नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटचा गँट चार्ट (कामांचं वेळापत्रक पट्ट्यांत दाखवणारा) हा आडवा स्टॅक्ड बार, पहिली सिरीज म्हणजे सुरुवातीची तारीख, अदृश्य. अक्षाच्या ‘मिनिमम’मध्ये ४५७४८ असा आकडा दिसला तर घाबरू नका, ती १ एप्रिल २०२५ आहे. वर्ष बदललं तरी आकडा तोच राहिला म्हणून पट्ट्या उजवीकडे सरकत जातात.

पॅरेटोही (कारणांचे मोठ्यापासून छोट्यापर्यंत बार आणि वर एकत्रित टक्क्यांची रेषा) दोन तऱ्हेचा असतो. एक्सेल २०१६ मध्ये आलेला तयार पॅरेटो कारणं स्वतःच उतरत्या क्रमाने लावतो. हाताने केलेल्या कॉम्बोत टेबल सॉर्ट करावं लागतं. ओळखायची खूण अशी: एका बारवर क्लिक करून फॉर्म्युला बार पाहा. जुन्या चार्टमध्ये ‘=सिरीज(’ ने सुरू होणारं सूत्र येतं, त्यात नाव, कॅटेगरी, व्हॅल्यू, क्रम असे चार भाग; पाचवा भाग असेल तर बबल चार्ट. २०१६ नंतरच्या वॉटरफॉल, हिस्टोग्राम, ट्रीमॅप, सनबर्स्ट, बॉक्स अँड व्हिस्कर वगैरे प्रकारांत हे सूत्र दिसतच नाही. हेच चार्ट एक्सेल २०१३ मध्ये उघडले तर चार्टच्या जागी फक्त ‘तुमच्या आवृत्तीत उपलब्ध नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. ती पाटी एडिट करू नका, फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये सेव्हही करू नका. चार्ट कायमचा जातो.

शीट लॉक असून पासवर्ड जुन्या माणसाबरोबर गेला असेल, तर कॉपीचं एक्सटेन्शन एक्सएलएसएक्सचं झिप करा आणि आतल्या ‘एक्सएल’ फोल्डरमधल्या ‘चार्ट्स’मध्ये जा. प्रत्येक चार्टची एकेक एक्सएमएल फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडून ‘चार्ट’ शब्द शोधा: लाइनचार्ट, डोनटचार्ट, स्कॅटरचार्ट अशी नावं सापडतात. उभा आणि आडवा दोन्ही तिथे ‘बारचार्ट’च असतात, शेजारच्या ‘बारडिर’मध्ये ‘कॉल’ असेल तर उभा, ‘बार’ असेल तर आडवा. एकाच फाइलमध्ये दोन नावं सापडली तर कॉम्बो. ‘चार्टएक्स’ नावाची फाइल असेल तर तो २०१६ नंतरचा, आणि त्यातल्या ‘लेआउटआयडी’पुढे प्रकार लिहिलेला असतो. फाइल उघडतानाच पासवर्ड मागत असेल तर हा मार्ग बंद, कारण तेव्हा अख्खी फाइल एन्क्रिप्ट केलेली असते.

ओळख पटली की सिलेक्शन पेनमध्ये ‘चार्ट ७’ या नावावर डबल क्लिक करून ‘गेज: डोनट व पाय, डेटा कॅल्क शीट’ असं नाव द्या. कॅल्क शीट, म्हणजे चार्टमागची आकडेमोड असलेली शीट, दिसत नसेल तर कुठल्याही शीटच्या टॅबवर राइट क्लिक करून ‘अनहाइड’ करा.