सुटून आल्यावर कामाच्या आधी सिमकार्ड

कोल्हापूरच्या कळंबा जेलात साडेचार वर्षं काढली, बाहेर येऊन आता तिसरं वर्ष चालू आहे, सांगलीतच असतो. नवीन सुटलेली पोरं कुणाच्या तरी ओळखीनं फोन करतात आणि सगळ्यांचं एकच, कुठं काम आहे का बघ की. मी पण तेच केलं होतं, घरी आलो आणि चौथ्या दिवशी मार्केट यार्डात हळदीची पोती शिवायला बसलो.

तिथंच गंडलो. आत असताना माझा मोबाईल नंबर बंद पडलेला. तीन महिने वापरला नाही की कंपनी बंद करते आणि पुढं दुसऱ्याला देऊन टाकते. आधार, बँक सगळ्याचा ओटीपी त्याच नंबरला. मतदान कार्डावर नवीन सिम घेतलं आणि महिन्याभरानं तो नंबर आधारला जोडायला आधार केंद्रावर गेलो तर बोटं उठेनात. दिवसभर सुतळी ओढून बोटांची टोकं गुळगुळीत, रेषांत हळद बसलेली, मशीन एकही बोट घेईना. दोन खाडे झाले, तिसऱ्या खेपेला डोळ्याचं स्कॅन घेतलं तेव्हा जमलं.

म्हणून भावा, पहिले आठ दिवस कागदाला दे, हात मऊ आहेत तोवर. सिम स्वतःच्याच नावावर घे, भावाच्या नको. सुटकेच्या दाखल्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढ, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नको. खात्यात दोन वर्षं व्यवहार नसला की ते निष्क्रिय होतं पण पैसे कुठं जात नाहीत, शाखेत जाऊन केवायसी दिली की चालू होतं आणि त्याला चार्ज नाही, कुणी मागितला तर विचार कशाचा म्हणून. गाडीवर जायचं असेल तर लायसन्सची तारीख बघ, संपून वर्ष उलटलं असेल तर परत टेस्ट द्यावी लागते. दुसरी केस चालू असेल तर ई-कोर्ट्स ॲपवर तारीख बघत जा, एक तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं. वकिलाचं परवडत नसेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 ला फोन लाव. मतदान फक्त आत असताना बंद असतं, बाहेर आल्यावर यादीत नाव बघून घे.

रेशनकार्डाला नाव परत चढवायला गेलो तेव्हाचं सांगतो. साहेबांनी नाव पुकारलं आणि मी लाईनीतच उकिडवा बसलो, जेलात गिनतीला, म्हणजे कैदी मोजताना, बसतात तसा. मागची मावशी म्हणाली चक्कर आली का बाळा. मी हो म्हणालो. असलं होतं, पहिलं वर्षभर होतं, पहाटे गिनतीच्या टायमाला जाग पण येते. लाज वाटून घरात बसून राहू नको एवढंच.

आता कामावर सांगायचं का नाही. मी म्हणतो सांग, पण पहिल्या दिवशी नको. आठवडाभर काम दाखव, मग मालकाला एकटं गाठून दोन वाक्यात सांग, कलम किती, वर्षं किती, संपलं. केस कशी खोटी होती ते पुराण लावू नको, माझं ऐकून एका दुकानदारानं त्यामुळंच नको म्हटलं होतं. यार्डातल्या मुकादमाला नुसतं सांगितलं तर त्यानं माझ्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं आणि म्हणाला, टाके लांब पडायलेत, जवळ घाल.