लष्करातला विषारी धूर आणि सरकारी नोंदी: अमेरिकेतल्या माजी सैनिकांनी या चुका टाळा

इराकमधल्या बलाद तळावर कचरा जाळण्याचा उघडा खड्डा, म्हणजे ‘बर्न पिट’, जवळजवळ १० एकरांचा होता. प्लॅस्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा असं सगळं त्यात विमानाचं इंधन ओतून पेटवलं जायचं, आणि त्या धुरात सैनिक राहत, झोपत, कवायत करत. हा धूर आणि वीसहून अधिक आजार यांचा संबंध गृहीत धरणारा ‘पॅक्ट’ कायदा १० ऑगस्ट २०२२ रोजी झाला. ओहायो नॅशनल गार्डमधल्या (नॅशनल गार्ड म्हणजे राज्याराज्यांचं राखीव लष्करी दल) सार्जंट हीथ रॉबिन्सन यांचं नाव त्याला दिलं आहे. कोसोव्हो आणि इराकमध्ये सेवा केलेले रॉबिन्सन २०२० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले.

कायदा माजी सैनिकाच्या बाजूने आहे, पण त्याच्या नोंदी चार ठिकाणी विखुरलेल्या असतात: केंद्र सरकार, राज्य, काउंटी (म्हणजे राज्यातला जिल्हा) आणि घरातलं कपाट. अमेरिकेत वाढलेली मराठी घरांतली मुलंमुलीही आज सैन्यात आणि नॅशनल गार्डमध्ये आहेत. त्यांच्या आईवडिलांना किंवा जोडीदाराला ही व्यवस्था सहसा ठाऊक नसते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

यादीत नाव आलं की काम झालं असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बर्न पिट रजिस्ट्री, म्हणजे या धुराच्या संपर्कात आलेल्यांची केंद्रीय यादी, २०१४ मध्ये सुरू झाली. ऑगस्ट २०२४ पासून पात्र व्यक्तींची नावं लष्कराच्या नोंदींवरून तिच्यात आपोआप घेतली जातात. काही राज्यांनी स्वतःच्याही यंत्रणा उभ्या केल्या. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकासाठी न्यू जर्सीने १९८० च्या दशकात आयोग चालवला, तर टेक्सासने २०१९ मध्ये बर्न पिटसाठी राज्याची वेगळी नोंदणी ठेवण्याचा कायदा केला. या याद्या संशोधनासाठी आणि लोकांच्या तब्येतीवर लक्ष ठेवण्यासाठी फार मोलाच्या आहेत, पण त्यांतून भरपाईचा एक डॉलरही सुरू होत नाही. माजी सैनिकांचं केंद्रीय खातं, ज्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात, त्यांच्याकडे २१-५२६ईझेड या फॉर्मवर वेगळा दावा करावा लागतो. व्हीएच्या दवाखान्यात होणारी विषारी संपर्काची तपासणी, म्हणजे टॉक्सिक एक्स्पोजर स्क्रीनिंग, हाही दावा नव्हे.

कागद जमायला वेळ लागणार असेल तर आधी ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे दावा करणार असल्याची सूचना, व्हीएकडे नोंदवा. तेव्हापासून एक वर्षाच्या आत पूर्ण दावा दिला आणि तो मंजूर झाला, तर भरपाई साधारणपणे त्या आधीच्या तारखेपासून धरली जाते. हे काम अगदी थोड्या वेळात होतं. ते पुढे ढकललं, तर महिन्यांमागून महिन्यांची भरपाई जाते.

गार्डमधल्या सेवेची नोंद केंद्राकडे शोधत बसणं

नॅशनल गार्डचा सैनिक तीन वेगवेगळ्या प्रकारच्या हुकमांवर काम करतो. राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावर परदेशी गेला तर ती केंद्रीय सेवा असते, आणि ती संपल्यावर डीडी-२१४ हा सेवेचा दाखला मिळतो. प्रशिक्षण आणि काही देशांतर्गत कामं ‘टायटल ३२’ या केंद्रीय कायद्याच्या भागाखाली होतात. राज्यपालांनी पूर, वादळ किंवा वणव्यासाठी बोलावलं तर ती पूर्णपणे राज्याची ड्यूटी असते. कॅलिफोर्नियात वणव्यांच्या कामाला गार्डचे जवान जातात. तिथल्या धुरामुळे झालेला आजार सहसा व्हीएच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी राज्याची कामगार भरपाई व्यवस्था बघावी लागते.

म्हणून डीडी-२१४ वर काही दिसत नाही म्हणजे सेवाच झाली नाही असं समजू नका. गार्डच्या सेवेचा दाखला एनजीबी-२२ या फॉर्मवर असतो, आणि तो त्या राज्याच्या ॲडज्युटंट जनरलच्या, म्हणजे गार्डच्या प्रमुखाच्या, कार्यालयातून मागवावा लागतो. नोकरीच्या काळात सैनिकाने दोन राज्यांच्या गार्डमध्ये काम केलं असेल तर दोन्हीकडे अर्ज करा. प्रत्येक वेळी मिळालेला हुकमाचा कागद जपून ठेवा, कारण कोणत्या तारखेला सैनिक कोणत्या हुकमावर होता याचा पुरावा पुढे त्यातूनच देता येतो.

डीडी-२१४ न वाचता कपाटात ठेवणं

या कागदाच्या छोट्या आणि मोठ्या अशा दोन प्रती असतात. दाव्याला मोठी, म्हणजे ‘मेंबर-४’ प्रत लागते. ती हाती येताच परदेशातली सेवा, पदकं आणि शेरा हे तीन रकाने वाचा. पॅक्ट कायद्यात महत्त्व ठिकाणाला आणि काळाला आहे. इराक, कुवेत आणि त्यांच्या आसपासच्या प्रदेशासाठी २ ऑगस्ट १९९० पासूनची सेवा धरली जाते. अफगाणिस्तान, उझबेकिस्तान, सीरिया, जॉर्डन, येमेन, जिबूती अशा ठिकाणांसाठी ११ सप्टेंबर २००१ पासूनची. शेऱ्यात देशाचं नाव राहून गेलं असलं, तरी इराक किंवा अफगाणिस्तान मोहिमेचं पदक नोंदलेलं असेल तर ते दाव्याला मोठा आधार देतं. दोन्ही नसेल तर दुरुस्ती मागा. दुरुस्ती झाल्यावर डीडी-२१५ हा पुरवणी कागद मिळतो.

काउंटीच्या कार्यालयात डीडी-२१४ नोंदवून ठेवण्याची सोय अनेक ठिकाणी आहे, आणि ती चांगली आहे. पण त्यावर सोशल सिक्युरिटी क्रमांक असू शकतो. ही नोंद कोणालाही पाहता येते का, हे आधी विचारा.

“रेकॉर्ड सापडत नाही” या उत्तरावर थांबणं

१२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. नोव्हेंबर १९१२ ते १९५९ अखेर लष्करातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. हवाई दलाच्या काही जुन्या फायलींचंही तेच झालं. तिथून नकार आला तर एनए-१३०५५ हा फॉर्म भरून द्या. पगारपत्रकं आणि तुकडीच्या दैनिक नोंदींसारख्या इतर कागदांवरून तिथले लोक फाइल पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न करतात. व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ जहाजावर असलेल्यांसाठी जहाजाच्या डेक लॉग कामी येतात. सोबत काम केलेल्या सैनिकाचं सही केलेलं निवेदनही चालतं. त्यात तळाचं नाव, महिना आणि डोळ्यांनी पाहिलेलं इतकंच लिहावं. अंदाज आणि राग दोन्ही बाजूला ठेवावेत.

नको तिथे पैसे घालणं

गृहीत धरलेल्या आजारांत कारण सिद्ध करावं लागत नाही. आजाराचं निदान, ठिकाण आणि काळ एवढं पुरतं. तरीही काही कुटुंबं घाबरून आजाराचा सेवेशी संबंध लिहून देणारं महागडं डॉक्टरी पत्र विकत घेतात. आपला आजार यादीत आहे का, हे आधी पाहा. पहिला दावा तयार करून देण्यासाठी फी घेणं कायद्याला धरून नाही, त्यामुळे कोणी भरपाईतला वाटा मागितला तर तिथून निघा. काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर हेच काम फुकट करतो, आणि त्याला राज्याची कार्यालयं नीट माहीत असतात.

नावाचं स्पेलिंग

मराठी घरांत ही अडचण हमखास येते. डीडी-२१४ वर एक आडनाव, महाराष्ट्रातल्या विवाह प्रमाणपत्रावर दुसरं स्पेलिंग, मधलं नाव एकीकडे वडिलांचं, दुसरीकडे नवऱ्याचं. जोडीदाराचा हक्क सांगायची वेळ दुःखाच्या दिवसांत येते, आणि तेव्हा हे निस्तरणं फार जड जातं. आत्ताच सगळ्या कागदांवरची नावं समोरासमोर ठेवा. प्रमाणपत्र मराठीत असेल तर इंग्रजी अनुवाद करून घ्या, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

२०२२ च्या आधी नाकारलेला दावा आता नव्या कायद्यात बसत असेल, तर २०-०९९५ या फॉर्मवर तो पुन्हा मांडता येतो. सैनिक हयात नसेल तरी पती, पत्नी किंवा अवलंबून असलेले आईवडीलही आपला हक्क मागू शकतात. तेव्हा आलेलं नकाराचं पत्र फाडलं गेलं असेल, तर त्याची प्रत व्हीएकडे मागा.