शिक्का मारण्याआधी ‘काय झालं?’ विचारा

सहकाऱ्याचा रिपोर्ट उशिरा आला की आपण मनात लगेच ‘कामचुकार’ म्हणून मोकळे होतो. आपल्याला उशीर झाला, तर कारण ट्रॅफिक, सर्व्हर नाहीतर साहेब! दुसऱ्याच्या वागण्यात परिस्थितीपेक्षा स्वभावच शोधायच्या या खोडीवर मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये लिहिलं होतं.

उपाय साधा आहे. आधी फक्त घडलेलं सांगा: ‘रिपोर्ट सोमवारी यायचा होता, आज बुधवार आहे.’ मग विचारा, ‘काय झालं?’ ‘का नाही केलंस?’ मात्र नको; तसं विचारलं की समोरचा स्वतःची वकिली सुरू करतो. विचारून झालं की गप्प बसा. हेच सगळ्यांत अवघड, कारण समोरचा बोलत असताना आपण मनात उत्तर जुळवत असतो. मोबाईल पालथा ठेवा. त्याचं बोलणं संपल्यावर आपल्या शब्दांत खात्री करून घ्या: ‘म्हणजे अकाउंट्सकडून आकडे कालच मिळाले, बरोबर?’ चुकलं असेल तर तो दुरुस्त करेल, आणि बहुतेक वेळा खरं कारण तिथेच बाहेर पडतं.

सल्ला मात्र मागितल्याशिवाय देऊ नका. आणि एखादा दर आठवड्यालाच उशीर करत असेल, तर त्याच्याशी तारखा समोर ठेवून, चारचौघांत नाही, बाजूला बसून बोला.